कोऱ्या कपाळाची बाई

पंपाने सायकलमध्ये हवा भरत होतो, तेवढ्यात रूथबाईंचा फोन आला. "सर, दादा गेला. पहाटं प्रभूकडं गेला." एवढंच बोलल्या. त्यांचा दादा म्हणजे आमचे दानियल मास्तर. कोल्हारच्या शाळेत आम्ही सव्वीस वर्षं बरोबर शिकवलं. ते मराठी, मी विज्ञान. मास्तरांना जाऊन आता दीड महिना होईल. पण माझी एक चूक आहे, ती कबूल केल्याशिवाय त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला मला तोंड नाही.

मास्तरांच्या बैठकीत एक जुना फोटो होता. खुर्चीत बसलेली नऊवारीतली बाई, पाय अनवाणी, शेजारी पागोटेवाला नवरा आणि दोन मुलं. धाकट्याचं तोंड धुरकटलेलं, कारण ते हललं असणार. बाई मात्र अशी बघते की, कुणी हललं तर याद राखा. "ही माझी पणजी," मास्तर म्हणायचे. "घरात पहिला बाप्तिस्मा हिचा. कुंकू पुसलं, पण कपाळावरची गोंदलेली चांदणी काय पुसतीय? मरेपर्यंत हुती." ही गोष्ट त्यांनी मला किमान शंभर वेळा ऐकवली असेल. फोटो काढताना बाईला काय वाटलं असेल, खुर्ची कुणाची असेल, यावर आम्ही तासन्‌तास डोकं चालवायचो. चहा गार व्हायचा...

एकदा मी भिंग घेऊन गेलो. हौस दांडगी, दुसरं काय. बाईचं कपाळ बारकाईनं पाहिलं आणि शहाण्यासारखं म्हणालो, "मास्तर, हिला गोंदण कुठंय? कपाळ तर कोरं आहे. ही तुमची पणजी नसणार." मास्तरांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं. "विज्ञानाचा माणूस म्हनतोय म्हंजे खरंच असंल," एवढं बोलून हसले. पुढच्या वेळी गेलो तर भिंतीवर नुसता खिळा होता. मी विचारलं नाही. मला लाज वाटली, खरं सांगतो.

मास्तर गेल्यावर त्यांचा फोटो मोठा करून घ्यायला नगरला गेलो. मोबाईलमध्ये फोटो शोधताना, मी पूर्वी टिपून ठेवलेला त्या बाईचा फोटो मधेच आला आणि स्टुडिओतल्या म्हाताऱ्या फोटोग्राफरनं हात धरला. "ही कोण?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अहो सर, त्या वेळी फोटो काचेच्या प्लेटवर घ्यायचे, तिच्यावर निळा रंग फिका उमटायचा. निळसर गोंदण कातडीत मिसळून जायचं. असलं तरी दिसायचं नाही." मी तिथंच स्टुलावर बसलो. जन्मभर पोरांना प्रकाश शिकवला, आणि एवढं ठाऊक नव्हतं.

तिथून तडक कोल्हार. रूथबाईंना म्हटलं, "बाई, माझी चूक झाली होती." त्यांनी ऐकून घेतलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. मास्तरांच्या कॉटसमोरच्या भिंतीवर तोच फोटो. "लोकांना खोटं सांगायला नको म्हनून दादानं बैठकीतून काढला, सर. मी म्हनले, मंग परकी बाई इथं तरी कशाला? तर म्हनला, जन्मभर हिला आजी म्हनलंय, आता कपाळ कोरं निघालं म्हनून घराबाहेर काढू?"

मला रडू आलं. पागोटेवाला, खुर्ची, धुरकट पोर, सगळं तसंच होतं. रूथबाई पदरानं काच पुसत म्हणाल्या, "मंग आता नक्की झालं ना, सर? आमचीच ना ही?"

नक्की काहीच झालं नव्हतं. गोंदण दिसत नाही म्हणून ती पणजी नाही, असं म्हणता येत नाही, इतकंच. पुरावा अजूनही नाही. वर्गात कुणी याला सिद्धता म्हटलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

"व्हय बाई," मी म्हटलं, "तुमचीच."