फाइलवरची बायको

लग्न लागून तासही झाला नव्हता, तोच शेजारच्या खोलीत मायलेकांची जुंपली. नवी नवरी पडद्याआड बसून सगळं ऐकत होती. तिचं माहेरचं नाव प्रमोदिनी. शशिधर आईला म्हणत होता, मुलगी पसंत आहे, तिचं नावही पसंत आहे, मग बदलायचं कशाला? सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे सुना माहेरच्या नावानं नांदत नाहीत. नाव मी ठरवलंय. तू फक्त अंगठी फिरव."

शशिधरनं मुकाट्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुप्रभा' लिहिलं. साताऱ्यातली, एकसष्ट सालची गोष्ट. पण हरलेला माणूस हट्ट सोडतो थोडाच? चारचौघांत तो तिला सुप्रभा म्हणे, आणि दोघंच असली की प्रमोदिनी.

पुढे दोघं इंग्लंडात वॉटफर्डला आली. पासपोर्टावर, हॉस्पिटलच्या लाँड्रीत, जिथे ती कामाला होती, सगळीकडे सुप्रभाच. शशिधर पाण्याच्या पंपांचा इंजिनिअर. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत क्रॉयडनच्या एका कंपनीनं त्याला युगांडाला धाडलं, पश्चिमेकडच्या एका गावाचा पाणीपुरवठा सुरू करायला. तिकडे सरकारची आणि बंडखोरांची लढाई चाललेलीच होती. शेजारच्या गुजराती बा बहात्तर साली तिथल्या सगळ्या भारतीयांबरोबर युगांडाच्या राजधानीतून, कंपालातून, हाकलल्या गेलेल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. आम्ही एक सुटकेस घेऊन तिथून निघालो, आणि तुझा नवरा सुटकेस भरून तिकडे निघालाय? सुप्रभानं हे नवऱ्याला जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, पाणी सगळ्यांनाच लागतं.

दर पंधरवड्याला पत्र यायचं. जुलैत सैन्यानं तिथलं सरकार उलथवलं. सत्ता सेनापतींची झाली, पण लढाई काही थांबली नाही. पश्चिमेचा मुलूख बंडखोरांच्या हातात गेला. रस्ता बंद, टपाल बंद. टीव्हीवर युगांडाला अर्धा मिनिट, आणि उद्या पाऊस पडणार की नाही याला पाच मिनिटं.

ऑगस्टात सुप्रभानं कंपनीला फोन केला. तिकडून सांगितलं, समक्ष या. मुलगी अलका सतरा वर्षांची, तिला घेऊन ती तीन गाड्या बदलत क्रॉयडनला गेली. टेबलामागच्या साहेबानं फाइल उघडली, पासपोर्ट पाहिला आणि फाइल मिटली. माहिती फक्त बायकोलाच देता येते, आणि फाइलवर बायको आहे प्रमोदिनी.

सुप्रभानं सांगितलं, ती मीच. लग्नात आमच्याकडे नाव बदलतात. साहेबाचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं चहा मागवला, टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"हा असा का बोलतोय गं?"

अलका लालबुंद झाली. "आई, त्याला वाटते बाबाचा दुसरा बायको आहे."

त्याही अवस्थेत सुप्रभाला वाटलं, हिचं मराठी सुधारावं की या माणसाचं डोकं?

दुसऱ्या खेपेला तिनं लग्नपत्रिका नेली. साहेबानं ती उलटी धरून बराच वेळ वाचली आणि प्रमाणित भाषांतर मागितलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टर श्रीनिवासांचं पत्र नेलं. ते आपल्याच मराठी मंडळातले, हाडांचे डॉक्टर. हॉस्पिटलच्या कागदावर त्यांनी सही करून दिली की या दोन बायका एकच आहेत. साहेबानं पत्र वाचलं आणि अदबीनं विचारलं, बाईंवर उपचार कधीपासून चालू आहेत?

त्या दिवशी परतीच्या गाडीत ती चडफडत बसली. माणूस जिवंत आहे की नाही एवढंच तर विचारायचं होतं. ते सांगायचं सोडून हे लोक तीच आहे की नाही ते विचारत बसले होते. बरं, घोळ कोणी घातला? ज्यानं घातला त्याच्यावर ओरडायलाही सोय नाही.

ऑक्टोबरात ती चौथ्यांदा गेली, एकटीच. साहेब रजेवर होता. खिडकीत एक नवी पोरगी च्युइंगम चघळत बसलेली.

"नाव?"

सुप्रभाकडे पिशवीभर कागद होते. ते काढायचाही तिला कंटाळा आला. "प्रमोदिनी," ती म्हणाली.

पोरीनं मान वर न करता फाइल तिच्यासमोर ठेवली.

आत एका मिशन हॉस्पिटलनं वायरलेसवरून पाठवलेला निरोप होता. शशिधर सुखरूप आहे, बाकी अकरा जणांबरोबर मिशनमध्ये आहे, रस्ता उघडला की निघेल. प्रमोदिनीला सांगा, थंडीआधी बॉयलर तपासून घे. सुप्रभानं तो तीनदा वाचला. मग वरची तारीख पाहिली. नऊ सप्टेंबर. डोळे पुसता पुसता तिनं विचारलं, महिनाभर हा कागद इथेच पडून होता? पोरगी म्हणाली, तुम्ही कधी येताय याचीच आम्ही वाट पाहत होतो.



शहाऐंशीच्या जानेवारीत बंडखोरांनी कंपाला घेतलं, सेनापती पळाले आणि फेब्रुवारीत शशिधर नैरोबीमार्गे घरी आला. मलेरियानं पोखरलेला, काविळीनं पिवळा. विमानतळावर त्याला पाहून अलका रडायला लागली. सुप्रभानं त्याच्या हातातली बॅग घेतली.

"अहो, तो फॉर्म भरताना तुमचं डोकं कुठे होतं?"

"हाताला जे नाव सवयीचं, ते लिहिलं गेलं," तो म्हणाला.

त्यानंतर एकाही कागदाला तिनं त्याला हात लावू दिला नाही.

त्याचं यकृत काही पूर्ववत झालं नाही. आजच्या गोळ्या घेतल्या की उद्याच्या आहेत ना, एवढं बघायचं. त्या आणायचं काम तिचं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सर्जरीतून, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यातून, चिठ्ठी, तिथून केमिस्ट, मग बस. शहाण्णवच्या मार्चात ती शेवटची गेली तेव्हाही केमिस्टनं एक पट्टी कमी दिली होती. नेहमीसारखीच. मागे पाच माणसं खोळंबली, तरी तो पट्टी शोधून देईपर्यंत ती काउंटरवरून हलली नाही. घरी येऊन तिनं सकाळच्या आणि रात्रीच्या गोळ्या वेगळ्या लावल्या, जेवल्याशिवाय घेऊ नका म्हणून त्याला दटावलं आणि जरा पाठ टेकते म्हणून वर गेली, ती पुन्हा उठलीच नाही.