पॉलिसीत नसलेली नावं

ती घटना आता नीटशी आठवत नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. खोटं होतं ते. सगळं आठवतं, म्हणूनच नोकरीतल्या आठवणी लिहायला बसलो की हे प्रकरण मी बाजूला ठेवायचो. आज लिहितो. कोणाचं नाव देणार नाही.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात मी पोलीस अधिकारी होतो. सतराव्या वर्षी नाशिकहून इकडे आलो आणि डॉक्टर-इंजिनिअरांच्या आपल्या समाजात एकटाच खाकीच्या वाटेला गेलो. इथला गणवेश निळा, पण इथल्या मराठी मंडळातले लोक मला "आपला खाकीवाला" म्हणूनच ओळखायचे. दोन हजार चारच्या हिवाळ्यात माझ्याकडे अपघातांचा तपास होता. सकाळी हजेरी, मग आदल्या दिवसाचे रिपोर्ट, फोटो, साक्षीदारांना फोन. निम्मी प्रकरणं टेबलावरच मिटत.

हेही मिटलं होतं. बर्फाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास एक गाडी वळणावर घसरली आणि रस्ता ओलांडणाऱ्या बाईला लागली. बाईचा पाय मोडला. गस्तीची गाडी पोहोचली तेव्हा पुण्याहून आलेला एक तरुण इंजिनिअर गाडीपाशी उभा होता. बर्फामुळे तो घरून काम करत होता. घर दोन गल्ल्यांवर. "गाडी मीच चालवत होतो," असं त्यानं लिहून दिलं. रस्ता निसरडा, माणूस शुद्धीत, कागद जागेवर. संपलं.

दोन दिवसांनी शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईंचा ठाण्यात फोन आला. त्यांनी ती गाडी वळण्याआधी पाहिली होती. म्हणाल्या, चालवणाऱ्यानं दरोडेखोरासारखा मुखवटा घातला होता, डोळे आणि नाक सोडून सगळं झाकलेलं, तपकिरी लोकरीचं.

माझा सहकारी हसला. "लायब्ररीच्या रस्त्यावर दरोडा?"

मी हसलो नाही. ती माकडटोपी होती, हे मला फोन ठेवायच्या आत कळलं. आणि सहा फुटांचा तिशीतला इंजिनिअर माकडटोपी घालत नाही, त्याचे वडील घालतात. फाईलमधले अपघाताचे फोटो पुन्हा पाहिले. चालकाची सीट स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे ओढलेली होती. विमा कंपनीकडे चौकशी केली. घरात राहणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव पॉलिसीत असायला हवं, असा त्यांचा नियम. पॉलिसीत नवरा-बायको, दोघांचीच नावं होती.

मुलगा आणि सून दोघं ऑफिसात असतील अशी वेळ निवडून मी त्या घरी गेलो. ही माझी पहिली लबाडी. रिपोर्टात मी फक्त "भेट दिली" असं लिहिलं.

दार म्हाताऱ्यांनीच उघडलं. बुटके, काटक, हातावर शिरा उठलेल्या. मी म्हणालो, "काका, मी मराठीच आहे. आत येऊ का?"

त्यांचा चेहरा असा उजळला की मी तिथूनच परत फिरायला हवं होतं.

"अरे, या या! मराठी पोलीस? इथं? बूट राहू द्या हो साहेब, थंडी आहे. चहा टाकतो. सुनबाईंनी मायक्रोवेव्ह शिकवलाय, पण चहा गॅसवरचाच."

मी चहा घेतला. सहा महिन्यांसाठी आलोय म्हणाले. साताऱ्याकडचे, आयुष्यभर बसवर चालक. खंबाटकीचा घाट झोपेत चढवीन म्हणाले. निवृत्त होताना विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला. "कोंबडीसुद्धा मारली नाही बघा या हातांनी."

मी अपघाताकडे वळलो, तसे ते आखडत गेले. "पोरगा चालवत होता. त्यानं लिहून दिलंय ना?"

"काका, सीट पुढे होती."

"मी काय सांगणार? मी घरी होतो. देवाशपथ."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच उत्तर. शपथ घेताना ते माझ्याकडे न बघता कपाकडे बघत होते. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस असाच दिसतो. अशा माणसाला धाक दाखवून उपयोग नसतो. ज्याच्यासाठी तो खोटं बोलतोय, त्याच्यापासून त्याला तोडावं लागतं. हे आम्हाला कोणी शिकवत नाही. आपलं आपण शिकतो, आणि मी चांगला शिकलो होतो.

मी म्हणालो, "काका, तुमच्या मुलानं विम्यात तुमचं नाव घातलंय असं तुम्हाला सांगितलं होतं का?"

"घातलंय की. मी स्वतः म्हटलं त्याला, बाबा रे, कागदाशिवाय स्टिअरिंगला हात लावणार नाही. तो म्हणाला, टाकलंय बाबा नाव, लायब्ररीपर्यंत खुशाल जा."

"नाही घातलेलं. एजंटनं विचारलं होतं, घरात आणखी कोणी गाडी चालवतं का. त्यानं नाही म्हणून सांगितलं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "कशासाठी?"

कशासाठी, ते मला माहीत होतं. वय सांगावं लागलं असतं, परदेशी लायसन्स दाखवावं लागलं असतं, कदाचित नकार आला असता. आणि बत्तीस वर्षं घाटात बस चालवलेल्या बापाला "बाबा, तुम्ही इथं गाडी चालवू नका" म्हणायची त्या मुलाची हिंमत नव्हती. म्हणून त्यानं एक खोटं एजंटला सांगितलं, एक बापाला, आणि किल्ली हातात दिली. हे सगळं मी काकांना समजावून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. शांत बसून राहिलो, कारण शांततेत माणूस बोलतो.

ते बोलले. नातीची पुस्तकं परत करायला निघाले होते, ब्रेक लागला नाही, बाई पडली. मुलाला फोन केला, तो धावत आला, म्हणाला, तुम्ही मागच्या रस्त्यानं घरी जा, एक शब्द बोलू नका. "मी त्या बाईजवळ थांबणार होतो हो. त्यानं हाकललं मला." मी लिहीत होतो. सही करताना त्यांनी एकदम मान वर केली.

"साहेब, तुमच्या घरी आहे का कोणी म्हातारं माणूस? गाडी चालवणारं?"

"आई आहे."

"तिचं नाव आहे का कागदावर?"

"आहे," मी म्हणालो.

नव्हतं. आई दर गुरुवारी माझ्या गाडीनं मंदिरात जायची. वय झालंय, आता चालवू नकोस, हे मी तिला म्हणू शकत नव्हतो, आणि एजंटला फोन करायचा राहून गेला होता. राहून गेला, असं मी स्वतःला सांगायचो.

"बरं केलंत," ते म्हणाले. "आईला फसवू नये."

ठाण्यात सार्जंटनं जबाब वाचला आणि फाईल माझ्याकडे सरकवली. "ती बाई बरी होतेय. मुलाला बोलावून जबाब दुरुस्त करून घे, तंबी दे, सोड. नाहीतर खोटी माहिती दिल्याचा गुन्हा नोंदव. तुझी माणसं आहेत, तूच ठरव."

तुझी माणसं. ते चांगल्या मनानं म्हणाले होते. मला मात्र वाटलं, सोडलं तर सगळे म्हणणार, आपल्या माणसाला सांभाळलं. तो मुलगा वर्क व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाचे कागद अडकतील, हे त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. तरी गुन्हा नोंदवला. प्रामाणिकपणा म्हणून नाही, भित्रेपणा म्हणून.

त्यानं कोर्टात कबूल केलं. कागद अडकले, आणि वर्षभरानं ते कुटुंब परत गेलं. काका त्याआधीच भारतात परतले होते. मंडळात कोणीतरी सांगितलं, बापलेकांचं बोलणं बंद आहे. मला या तपासाबद्दल शाबासकी मिळाली, तीही एका माकडटोपीवरून. सहकारी ती गोष्ट पार्ट्यांत सांगायचे. मी हसायचो.

गुन्हेगार ओळखायला मी नोकरीत शिकलो, असं मला वाटायचं. या प्रकरणानं दाखवलं की मी फक्त पकडता येणारी माणसं ओळखायला शिकलो होतो. कायद्यानं मी चुकलो नाही. पण "काका" म्हणून मी ज्या दारातून आत गेलो, ते दार त्या शब्दासाठी उघडलं होतं, माझ्या बिल्ल्यासाठी नाही.

जबाब घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ठाण्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी एजंटला फोन केला. आईचं नाव घालायचंय म्हणालो. त्यानं जन्मतारीख विचारली, लायसन्सचा नंबर विचारला. मग सहज विचारलं, आई तुमच्याकडे कधीपासून राहतात?

ती अकरा वर्षं माझ्याकडे होती.

"गेल्याच आठवड्यात आली," मी म्हणालो. त्यानं अभिनंदन केलं आणि लिहून घेतलं.