सिस्टर अकिरोरचं पहिलं मडकं

आमच्या गावात अकिरोरला कुणी नावाने हाक मारत नाही. सिस्टर म्हणतात. कुमी शहराच्या बाजूच्या आरोग्य केंद्रात तिने तीस वर्षं बाळंतपणं केली, अर्ध्या गावाची नाळ तिनेच कापली, त्यामुळे तिची सासूसुद्धा तिला सिस्टरच म्हणते. निवृत्त झाली तरी तिची खोड गेलेली नाही. कुणाकडे गेली की आधी पाण्याच्या पिंपावर झाकण आहे का बघणार, नसेल तर दोन शब्द सुनावणार आणि मगच बसणार. लोक तिला मान देतात, पण जेवायला बोलवायचं म्हटलं की कां कूं करतात.

अशा बाईवर अजोन करायची वेळ आली. अजोन म्हणजे नाचणीची बिअर. मोठ्या मडक्यात गरम पाणी ओतायचं आणि भोवती बसून लांब नळ्यांनी ओढायची. घरातल्या प्रत्येक कार्याची अजोन सासूच करायची. सिस्टर तेव्हा ड्युटीवर असायची आणि तिचं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण यंदा म्हातारीचे हात थरथरायला लागले आणि नेमकी यंदाच ओलुकाला, म्हणजे सिस्टरच्या मुलाला, मुलगी झाली.

ओलुकाचा कंपालाहून फोन आला. "मम्मा, तीन आठवड्यांनी शनिवारी बाळाला घेऊन येतोय. रविवारी नाव ठेवून घेऊ. सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय."

"दाखल्यावर ठेवलंय ना नाव?"

"ते सरकारसाठी गं. आजीला सांग तयारी करायला."

"आजीला काय सांगू? तिला चहाचा कप धरवत नाही."

"मग तू कर," असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचं काय जातंय म्हणायला?

आमच्याकडे बाळ आपलं नाव स्वतः निवडतं. घरातली सगळ्यात म्हातारी बाई अजोनमध्ये बोट बुडवून ते बाळाच्या ओठाला लावते आणि घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव घेते. बाळाने तोंड फिरवलं, थुंकलं, तर पुढचं नाव. चोखलं की तेच नाव कायमचं. आणि ती अजोन बाळाच्या आजीने नाहीतर पणजीनेच केलेली लागते, बाजारातली किंवा शेजारची चालत नाही.

हीच सिस्टर तीस वर्षं बायकांवर ओरडत आली होती, की सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही. बोट तर नाहीच नाही. तेव्हा आता ती काहीतरी बोलेल, वाद घालेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती चकार शब्द बोलली नाही. का, ते गावाला ठाऊक होतं.

सिस्टरला आन्यू नावाची मुलगी होती. नऊ वर्षांची असताना तापाने गेली. त्या दिवशी सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या गावात होती, निरोप पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि मातीच्या वेळी, सगळ्या गावासमोर, तिची मोठी नणंद अमुगे म्हणाली होती, "लोकांची पोरं टोचत फिरली आणि घरचं पोर घालवलं." त्यानंतर अमुगे बारा वर्षं जगली. तेवढी बारा वर्षं, आणि ती गेल्यावरची दोन, सिस्टरने तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. बोलायची वेळ आलीच तर 'ती बाई' म्हणायची.

आता नात आली होती आणि आन्यूचं नाव पुन्हा घरात फिरायची एक संधी होती. सिस्टरला एवढंच हवं होतं.

तिने सासूजवळ विषय काढला. सासूला ती तोतो म्हणते, म्हणजे आई.

"तोतो, नावं कुठल्या क्रमाने घेणार?"

"क्रम काय त्यात? आधी अमुगे, मग माझी आई, मग माझी बहीण, मग आन्यू."

"आन्यू शेवटी?"

"लहान होती ना ती. आधी मोठ्यांना विचारायचं असतं."

"ती बाई पहिली कशी?"

"माझी पोटची मुलगी होती ती, सिस्टर. तुझं तिच्याशी जमलं नाही म्हणून मी तिला मागे बसवू?"

सिस्टरने मनात हिशेब केला. हजारो बाळं हाताळलेली बाई ती. आंबट काही ओठाला लागलं की पोर पहिल्या वेळी थोबाड वाकडं करतं, दुसऱ्यांदा थुंकतं, तिसऱ्यांदा रडतं. चौथ्यांदा कंटाळून, नाहीतर सवय होऊन, चोखतं. म्हणजे अजोन व्यवस्थित आंबट झाली की आन्यूची पाळी बरोबर येत होती. अजोन फक्त जमली पाहिजे होती.

आणि ती काही केल्या जमेना.

पहिला आठवडा पिठाचा. नाचणीचं पीठ भिजवून, पोत्यात बांधून, खड्ड्यात केळीच्या पानांवर पुरायचं आणि सात दिवस विसरायचं. सिस्टरला विसरणं जमतंय कुठलं. तिसऱ्याच दिवशी हातमोजे घालून तिने खड्डा उकरला, पोतं सोडलं, वास घेतला आणि वहीत लिहून ठेवलं. सासू अंगणातून ओरडली, "अगं, पेशंट आहे का ते? झाक आधी."

दुसरा आठवडा भाजायचा. ते आंबलेलं पीठ कापलेल्या पिंपाच्या पत्र्यावर घालून लाल होईपर्यंत परतायचं. दोन दिवस धुरात उभं राहून तिचे डोळे सुजले. त्यात रस्त्याने जाणारी प्रत्येक बाई थांबून अक्कल शिकवायची. एक म्हणाली अजून भाज, दुसरी म्हणाली जळलं, तिसरी म्हणाली आमच्या माहेरी असं भाजतच नाहीत. सिस्टर म्हणाली, "तुमची बाळंतपणं करताना मी असा गावाचा सल्ला घेतला असता तर तुम्ही आज इथे उभ्या नसतात." त्या हसल्या आणि तरी तिथेच उभ्या राहिल्या.

सगळ्यात जास्त डोक्याला ताप तिच्या जावेचा. जाऊ म्हणजे अपोलोत, कुंपणापलीकडे राहते आणि बाजाराच्या दिवशी अजोन विकते. ती कुंपणाला टेकून रोज विचारायची, "काय सिस्टर, बाळंतीण कशी आहे? कळा सुरू झाल्या का?"

"तू तुझं बघ."

"माझं तयार आहे. दोन मडकी. लागलं तर सांग."

"मला नकोय तुझं काही," सिस्टर म्हणायची आणि फणकाऱ्याने आत जायची.

मग मोड आणायचे. नाचणी भिजवून पानांत गुंडाळली, तीन दिवसांनी सोडून बघते तर मोड आलेले होते आणि त्यांच्यावर पांढरी लव. सिस्टरच्या अंगावर काटा आला. ही बुरशी नातीच्या तोंडात जाणार? ज्या बाईने हयातभर जंतूंशी मारामारी केली तिला हे बघवेल कसं? सासू दुपारची झोपली होती. सिस्टरने ते मोड उकळत्या पाण्याने तीनदा धुतले. तेवढ्यावर भागेना म्हणून पत्र्यावर घालून खमंग परतले, मगच दळले. तेवढ्यात सासूचं जुनं मडकंही साबण लावून, काथ्याने घासून, उकळत्या पाण्याने स्वच्छ केलं. मडक्याचा जन्मापासूनचा काळा थर निघाला. फार समाधान वाटलं तिला त्या दिवशी.

बुधवारी तिने भाजलेलं पीठ, मोडाचं पीठ आणि पाणी मडक्यात कालवलं. मडक्याला कान लावला की आतून चुरचुर ऐकू यायला हवी. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी सकाळी काही नाही. सिस्टर चार वेळा मडक्यापाशी गुडघे टेकून बसली. शेवटी तिने सासूला आणलं. म्हातारीने बोट घालून चाखलं.

"हे भिजवलेलं पीठ आहे."

"मला माहीत आहे तोतो. पण का?"

"मोडांचं काय केलंस?"

"धुतले."

"आणखी?"

"भाजले. थोडेच."

म्हातारीने कपाळाला हात लावला. "अगं बाई, तू जे मारलंस ना, तेच बिअर करत असतं. आणि मडकं का चकाकतंय एवढं?"

सिस्टरला ब्रह्मांड आठवलं. राग तरी कुणावर काढायचा? वहीत सगळं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, तारीख-वेळेसकट. नव्याने मोड आणायला तीन दिवस लागले असते, वर आणखी तीन आंबायला. ओलुका शनिवारी संध्याकाळी येणार होता. ती तशीच तणतणत कुंपणापलीकडे गेली.

"अपोलोत, मोडाचं पीठ दे."

"नको होतं ना माझं काही?"

"तू टोमणे नंतर मार, मी बसून ऐकेन. आत्ता पीठ दे."

अपोलोतने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि टोमणा गिळला. टोपलंभर पीठ आणलं, वर आपल्या मडक्यातला वाडगाभर गाळही दिला. "हे घाल, लवकर उठेल. मोड माझे असले तरी मडकं तुझंच, चालतं तेवढं. पण तीन दिवसांचं काम तू दोन दिवसांत करायला बघतेयस."

"आंबट होईल ना?"

"प्यायला येईल," अपोलोत म्हणाली.

सिस्टरने ते मडक्यात कालवलं, मडकं चुलीजवळ ओढलं, त्याला दोन गोधड्या गुंडाळल्या. शनिवारी दुपारी आतून बारीक चुरचुर सुरू झाली, तेव्हा तिने हुश्श केलं. चाखून मात्र बघितली नाही. अजोन ती कधी प्यायलीच नव्हती, चव तिला काय कळणार होती?

रविवारी सकाळी घर भरलं. सून बाळाला घेऊन चटईवर बसली. पुढे वाडग्यात पहिली अजोन काढलेली. सिस्टरने सासूचे हात कोपरापर्यंत साबणाने धुवून घेतले, नखंसुद्धा कापली. म्हातारीने ते मुकाट्याने सोसलं. मग थरथरतं बोट वाडग्यात बुडवून तिने बाळाच्या ओठाला लावलं आणि म्हणाली, "अमुगे."

बाळाने ओठ हलवले. जीभ बाहेर आली. मग त्या पोरीने पणजीचं बोट दोन्ही हिरड्यांत धरलं आणि चुटूचुटू चोखायला लागली. सोडीचना.

बायकांनी एकदम आरोळी दिली. म्हातारीचे डोळे भरून आले.

"थांबा, अजून तीन नावं आहेत," सिस्टर म्हणाली.

"तिने उत्तर दिलं, सिस्टर."

"तोतो, ती लहान आहे, तिला काय कळतंय. निदान आन्यूचं एकदा घ्या."

"उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारलं तर आधीच्याचा अपमान होतो," म्हातारी म्हणाली. तिने ते दुखावण्यासाठी म्हटलं नव्हतं, उलट तिचा आवाज मऊ झाला होता. पण झालं ते झालं.

बाहेर म्हाताऱ्यांनी मडक्याभोवती स्टुलं मांडली, गरम पाणी ओतलं, नळ्या आत घातल्या. एकजण म्हणाला, "सिस्टर, पहिलीच ना? फार छान झाली आहे. गोड."

"गोड?" सिस्टरने विचारलं.

अपोलोत दारातच उभी होती. ती हळूच म्हणाली, "दोन दिवसांची आहे ना. आंबायला वेळच मिळाला नाही तिला. अशी गोड अजोन कुठलंही पोर पहिल्या बोटाला चोखेल."

सिस्टरला सगळं कळलं. लव धुतली नसती, मोड भाजले नसते, मडकं खरवडलं नसतं, तर अजोन बुधवारपासूनच आंबायला लागली असती. त्या बाईच्या नावाला पोरीने तोंड वाकडं केलं असतं. आन्यूची वाट तिने स्वतःच्या हाताने, साबण लावून, पुसली होती. तिला स्वतःचा इतका संताप आला की तिथून उठून शेतात निघून जावंसं वाटलं.

पण जाता येईना. बाळाला नव्या नावाने पहिली हाक मारायचा मान जिने अजोन केली तिचा असतो. सुनेने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. ओलुका तिच्याकडे बघेना. त्याला बहीण आठवत होती, आणि मातीच्या वेळचं ते वाक्यही.

सिस्टरने बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "अमुगे." आणि वर बघून म्हणाली, "ऐकलं सगळ्यांनी? झालं समाधान?"

बाळाला वाडग्यातलं आणखी हवं होतं आणि कुणी देत नव्हतं, म्हणून तिने टाहो फोडला. सिस्टरने तीस वर्षांच्या सवयीने तिला खांद्यावर टाकलं, डोक्याला हात लावला, पाठीवर थोपटायला लागली.

"गप, गप. रडू नकोस अमुगे. आहे ना मी इथे, कुठे नाही जात. गप गं माझी बाय."

आपण कुणाचं नाव घेऊन काय बोललो ते तिच्या जरा उशिराने लक्षात आलं. तोवर बाळ गप्प झालं होतं, आणि ती थोपटतच राहिली.