गाण्याच्या मधोमध आई

त्या विलायती गवयाची एकच कॅसेट आमच्याकडे होती, दादाने मुंबईहून आणलेली. गवई उतारवयाचा, गळ्यात गिटार, तोंडाशी माउथ ऑर्गन, गाणी स्वतःच रचायचा. निम्मे शब्द कळत नसत. तरी दादाने आणि मी ती इतकी ऐकली की आई म्हणायची, "त्याचा घसा बसलाय, तुमचे कान कसे बसत नाहीत?"

दादा नोकरीला दुबईला गेला आणि रत्नागिरीतलं घर मला खायला उठलं. मी रोज तीच कॅसेट लावायची. मग सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्यांबरोबर दादा त्याच गवयाच्या दुसऱ्या कॅसेटी पाठवू लागला. खोटं कशाला बोलू, त्या मला आवडल्याच नाहीत. एकीत हा गवई देवाधर्माचं गात होता, दुसरीत नुसतं रडकं व्हायोलिन. आपलं माणूस परगावी जाऊन बदलावं, तसं वाटलं. पण पुन्हापुन्हा ऐकताना कुठेतरी जीव अडकायचा, आणि नेमकी तेव्हाच आई टेपरेकॉर्डर ओढून घ्यायची.

तेव्हा आखातात घरचे आवाज जायचे. गाववाला परत निघाला की त्याच्या हाती कॅसेटवर बोलणं भरून द्यायचं. ऐनवेळी कोरी कॅसेट कुठली मिळायला! विकतच्या कॅसेटवरही आवाज भरता यावा म्हणून आई दादाच्याच कॅसेटच्या खाचांत कागदाचे बोळे कोंबायची आणि गाणं जिथे थांबलं असेल तिथूनच सुरू व्हायची, "ऐकतोयस ना रे? कातळावरचं कलम मोहरलंय हो यंदा. तुझी बहीण बसलीय फुगून."

आयत्या बिळावर नागोबा! मी फुगणार नाही तर काय? त्याखालचं गाणं पुसलं जायचं ते कायमचं.

दादा पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्या सगळ्या कॅसेटी त्याच्या बॅगेत होत्या. मी अधाशासारखं विचारलं, यातली सगळ्यात चांगली कुठली?

"गाणी कुठे ऐकली मी?" तो म्हणाला. "आईचा आवाज लागेपर्यंत पुढे पळवायचो."

मग तो बॅगेतलं सामान उगाचच लावत बसला. तो कॅसेटी घरीच ठेवून परत गेल्यावर त्या मी पुष्कळ ऐकल्या. व्हायोलिनवाल्या गाण्यात कडवं भरात येतं तोच खट्ट व्हायचं आणि आई सुरू व्हायची; तिचा आवाज बारीक, म्हणून मी टेप मोठा करायची. पुढे कोकणच्या दमट हवेत सगळ्यांना बुरशी लागली. चिपळूणला, दापोलीला, कुणाकुणाला विचारलं; कुणालाच त्या नीट करता आल्या नाहीत.

आता आई नाही. लेकीने परवा त्या गवयाचे सगळे अल्बम माझ्या फोनवर शोधून दिले. मी व्हायोलिनवालं गाणं लावलं. कडवं भरात आलं, तशी मी सवयीने आवाज मोठा केला.

गाणं सरळ पुढे गेलं. पुढचं कडवं फार सुंदर होतं. मला ते ऐकवलं नाही.