एनोककाकाचं पांढरं ठिगळ

चालती कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी, आत बसल्या बसल्या पाण्यात उलटी करून पुन्हा सुलटी करावी ती एनोककाकानंच. अख्ख्या ग्रीनलंडमध्ये असा दुसरा गडी नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

गेल्या मे महिन्यात त्याचं पोट सीलच्या कातड्याच्या डगल्यात मावेना. या डगल्याची कड कयाकमध्ये बसायच्या तोंडाला घट्ट आवळली, की आत थेंबभर पाणी शिरत नाही. रेगिनेकाकूनं पोटावर ठिगळ लावून डगला सैल केला. डगला काळा, ठिगळ पांढरंशुभ्र!

"हे घालून जाऊ? सगळी वस्ती माझं पोट बघून हसेल!"

"मग जाऊच नकोस. पाण्यात बर्फ तरंगतोय, म्हाताऱ्या."

"थंडी डेन्मार्कच्या लोकांना वाजते, मला नाही!" असं म्हणत काका नुसत्या लोकरी स्वेटरवर निघाला.

त्या दिवशी त्याच्या नातीचा वाढदिवस होता, त्यामुळे सारी वस्ती त्याच्या किनाऱ्यावरच्या घरी कॉफीला जमलेली. किनाऱ्यावर एवढे बघे दिसल्यावर काकाला चेव आला. त्यानं कयाक उलटी केली. ती सुलटी काही झाली नाही. गार पाण्यानं त्याचा श्वासच कोंडला, कयाक भरली, बोटांतून वल्हं सुटलं. शेवटी जावयानं होडी घालून त्याला बाहेर ओढलं.

घरी आणल्यावर हात असे लटपटत होते, की कप धरवेना. मग काकूनं सगळ्यांसमोर त्याला चमच्या-चमच्यानं कॉफी पाजली.

हल्ली काका ठिगळासकट डगला घालतो. कधी टाळाटाळ केलीच, तर काकू नुसता कपावर चमचा वाजवते.