मंगळवार-शुक्रवारची ठिसूळ मंडळी

घरात औषधांचे रिकामे खोके साठतात ना, तसे किस्सेही साठतात. टाकायला हात धजत नाही आणि ठेवायला जागा नसते! माझी बायको शेवंता नव्वदच्या दशकात डायलिसिसवर होती. दोन्ही किडन्या निकामी. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही कल्याणहून ठाण्याच्या हॉस्पिटलात जायचो. तिथे मशीन चार तास तिचं रक्त धुणार आणि मी पलंगाशेजारी स्टुलावर. मी मुळात कमी बोलणारा. त्यामुळे ऐकलं मात्र भरपूर!

*

मशीनवर दोनेक वर्षं काढली तेव्हा शेवंताचं मनगट मोडलं. काय केलं होतं तिने? घट्ट बसलेलं डब्याचं झाकण फिरवलं होतं!

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायच्या. किडनी गेली की रक्तात फॉस्फरस साचतो. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं आणि हाडं आतून पोकळ, ठिसूळ होत जातात.

शेवंताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे गुन्हा किडनीचा आणि मार हाडांना? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तसंच काहीसं."

"मंग हाडांच्या बाजूनं मी उभी हाय. सांगून ठेवते!"

*

फॉस्फरस कमी करायचा म्हणून पथ्याचा कागद मिळाला. दूध कमी, शेंगदाणे बंद, आणि सुकी मासळी एकदम बंद!

आता गंमत अशी की शेवंता कल्याणच्या बाजारात सुकी मासळीच विकायची. बोंबील, जवळा, सोडे. तिची आई विकायची, आजी विकायची. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "विका की. खाऊ नका."

शेवंताने पथ्याचा कागद चार घड्या करून कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मावशी, बोंबील खारट आहेत का हो?"

ही म्हणते, "मला काय विचारता? माझ्या डॉक्टरला विचारा! त्यांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. तुम्ही न्या, खा, आणि मला येऊन सांगा."

तो माणूस खरंच सांगायला आला. जाताना जवळाही घेऊन गेला!

*

शेवंताच्या शेजारच्या पलंगावर विठ्ठलवाडीचे एक टेलर असायचे. सावंत त्यांचं नाव. मूळचे मालवणकडचे, बारीक अंगाचे, बोलण्यात कात्रीसारखे. डायलिसिसवर आम्हा सगळ्यांपेक्षा जुने.

एका दिवाळीत त्यांना आपलीच पँट लांब व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, "पाठीचे मणके दबलेत. तुमची उंची कमी झाली आहे."

"उंची नाही हो, कापड वाढलंय."

"सावंत, कापड वाढत नाही."

"तीस वर्षं कापडात काढलीत मी. तुम्ही किती काढलीत?"

सिस्टरने त्यांना भिंतीला टेकवून उंची मोजली, तर हे चवड्यांवर उभे! सिस्टरने खांदे धरून खाली दाबलं, तर म्हणाले, "तुमची टेप खोटी आहे. टेप ओळखतो मी."

शेवटी त्यांनी पँटची घडी वर घेतली. शेवंताने मुद्दाम चिडवलं, "मंग, टेलरभाऊ? मानलंत ना कमी झालात ते?"

सावंतांनी घडी उलटून दाखवली. आत कापड न कापता तसंच दुमडून ठेवलेलं.

"कापलं नाही, वहिनी. परत वाढलो तर?"

*

आमच्या मंगळवार-शुक्रवारच्या पाळीत सगळ्यांत लहान नलू. डोंबिवलीची, शाळेच्या ऑफिसात कारकून. तिची आई कायम डोळ्यांना पदर लावून बसलेली आणि नलू कायम हसणारी.

एकदा सावंतांनी एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. लग्नाचा कोट शिवायला टाकून तो नवरदेव इतका जाडा झाला की मुहूर्ताला कोट त्याच्या धाकट्या भावाने घातला आणि भटजींनी भावालाच पाटावर बसवलं! नलू हसता हसता एकदम "आई गं!" करून कळवळली. बरगडी मोडली होती. हसून!

डॉक्टरीणबाई भयंकर चिडल्या. "उद्यापासून या पाळीत विनोद बंद! सावंत, तुम्ही तोंड उघडायचं नाही."

पुढच्या वेळी सगळे गंभीर. कोणी कोणाकडे बघेना. सावंत छताकडे बघत पडलेले. तेवढ्यात एवढ्या शांततेत सावंतांचं पोट जोरात गुरगुरलं. झालं! नलूने उशी छातीशी घट्ट धरली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

तिची आई म्हणाली, "अगं, दुसरी मोडेल!"

नलू म्हणाली, "मोडू दे. रडून मोडली असती तर लाज वाटली असती!"

त्या दिवशी तिच्या आईला पहिल्यांदा हसताना पाहिलं. घाबरत घाबरत, पण हसली.

*

मग शेवंताचा खुबा मोडला. मोरीचा उंबरा ओलांडताना. मला वाटलं, पडली म्हणून मोडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही काका. मोडला म्हणून पडल्या."

ऑपरेशन झालं, आत सळी घातली. शेवंताला चिंता एकच. बाजारातली जागा! जिन्याखालची, दिवसभर सावलीची. त्या जागेला कागद नाही, पावती नाही. रोज बसेल तिची. आणि शेजारी बसणाऱ्या हौसाचा डोळा वर्षानुवर्षं त्या जागेवर, कारण हौसाच्या जागेवर दुपारचं ऊन यायचं.

"अवो, तुम्ही बसा," शेवंता म्हणाली.

कोळणींच्या ओळीत बाप्या! पहिल्या दिवशी सगळा बाजार बघायला आला. हौसा ओरडली, "भावजी, लुगडं घरी विसरलात काय?" मला ओरडून विकता येईना. गिऱ्हाईक मागेल त्या भावाला मी देऊन टाकायचो. दुपारपर्यंत माल संपला, तेव्हा मला वाटलं धंदा जोरात झाला!

हौसा डोक्याला हात लावून म्हणाली, "शेवंतेला सांगा, लवकर ये. नायतर हा मानूस सगळ्या कल्याणला फुकट जेवायला घालील."

*

पण शेवंता उभीच राहीना.

डॉक्टरीणबाई सांगून थकल्या. "हाड जुळलंय. पाय टेका. झोपून राहिलात तर बाकीची हाडंही जातील." शेवंता म्हणायची, "टेकणार नाय." आयुष्यभर ती सगळ्यांना नाही म्हणत आली होती. पण या 'नाय'मध्ये मला पहिल्यांदा भीती ऐकू आली. पलंगाच्या कडेला बसायची, पाय जमिनीकडे न्यायची आणि परत वर घ्यायची.

एक दिवस म्हणाली, "मला उचलून बाजारात न्या. बसेन. उभी नाय राहणार."

मी बाजारातले दोन हमाल घेऊन घरी गेलो. खुर्चीत बसवून तिला आणलं. मांडीवर काठी आडवी. नवरी आल्यासारख्या बायका वाटेत गोळा झाल्या. कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कोणी रडलं.

जिन्याखाली पोचलो तर तिथे हौसा बसलेली! शेवंताच्या जागेवर, शेवंताच्याच पाटावर, स्वतःची टोपली पुढ्यात मांडून.

हमालांनी खुर्ची खाली ठेवली.

"ऊठ," शेवंता म्हणाली.

"नाय उठत," हौसाने सुकट निवडायला घेतली. "रिकामी होती. बसली ती माझी."

"हौसे, ऊठ सांगते! माझ्या आयची जागा हाय ती!"

"मंग ये की उठवायला. बसल्या जागेवरून काय हुकूम सोडतेस? पाय हायेत ना तुला?"

मी मध्ये पडायला गेलो. शेवंताने काठीने मला बाजूला सारलं. तीच काठी जमिनीला लावली, खुर्चीचा हात धरला, आणि शिव्या देत देत उठली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले होते. तिने हात उगारला.

हौसा चटकन उठली. टोपली उचलली, पदराने पाट पुसला आणि आपल्या उन्हातल्या जागेवर जाऊन बसली.

"राह्यलीस ना उभी?" ती म्हणाली. "बस आता."