टॉवेलाखालचा उजेड

भर उन्हात, शेताच्या मधोमध उभे राहून मामा खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून पुढे ओढायचे, खिशातला मोबाईल त्याच्या आत घ्यायचे आणि माणूस कमरेपर्यंत नाहीसा व्हायचा. आतून फक्त आवाज यायचा, "हां, दिसलं. कपाशी. पुढचा गट सांगा."

घोडेगावचा जनावरांचा बाजार माझी नेमणूक होती त्या गावापासून जवळ. तिथे व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून बैलाचा भाव ठरवतात, हे तुम्ही पाहिलं नसलं तरी ऐकलं असेल. त्यामुळे मामांना असं टॉवेलाखाली पाहिलं, की बांधावरून जाणारा माणूस हटकून विचारायचा, "काय मामा, भाव ठरला का?"

"बोलनी चालू हाईत," मामा आतूनच सांगायचे.

मी त्या सज्जाची तलाठी आणि मामा गावचे कोतवाल. आता सरकारने माझ्या पदाला ग्राम महसूल अधिकारी आणि त्यांच्या पदाला महसूल सेवक असं नाव दिलं आहे, पण ती नावं अजून कागदातून गावात उतरलेली नाहीत. गावाच्या लेखी तलाठी म्हणजे भाऊसाहेब. मी केडगावहून स्कूटीवर येणारी, सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, याने मामांना काही फरक पडला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नमस्कार घातला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, पानी थंड आनू का साधं?" मी दोन-तीनदा सांगून पाहिलं की मला ताई म्हणा. ते "व्हय भाऊसाहेब" म्हणाले. मग मीही नाद सोडला.

आमचं काम पीक पाहणीचं. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या मोबाईलवरून पीक नोंदवलेलं नसतं, त्यांच्या शेतात जायचं, ॲप उघडायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. वाचायला हे सोपं वाटतं. भादव्याच्या उन्हात करून पाहा. मोबाईलच्या पडद्यावर आपलंच कपाळ दिसतं, बाकी काही दिसत नाही.

आणि मामांच्या मोबाईलचा उजेड तर कायम तळाला. पडद्यावरची ती पट्टी त्यांनी एकदा ओढून पार डावीकडे नेली होती आणि तिथेच ठेवली होती. म्हणून तो टॉवेल. बॅटरी वाचली पाहिजे, हे मामांच्या आयुष्याचं एकमेव धोरण होतं. मोबाईलचा टॉर्च ते कधी लावत नसत. व्हिडिओ बघत नसत. फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नसत. "हाय. येतो. ठेवा." एवढ्या तीन शब्दांत त्यांचं बोलणं संपायचं आणि पलीकडचा माणूस तोंड उघडं टाकून बसायचा. एकदा बाजारात एका व्यापाऱ्याने त्यांना आपल्या खोंडाचा फोटो मोबाईलवर दाखवायला घेतला. मामा म्हणाले, "खोंड तुझ्या मागं हुबं हाय, अन् तू बॅटरी कशापाई जाळतो?"

गाव त्यांना कंजूष म्हणायचं. मीही मनातल्या मनात म्हणायचे. पण चहा पाजण्यात हा माणूस कधी मागे नसायचा. कंजुषी फक्त बॅटरीपुरती होती, आणि ते कोडं माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

मी एकदा त्यांना शहाणपण शिकवायला गेले. म्हटलं, "मामा, मोबाईलमध्ये उजेडाचं ऑटो असतं. ते चालू ठेवा. अंधारात उजेड आपोआप कमी होतो, उन्हात वाढतो. बॅटरी वाचते."

"आपोआप काय बी व्हत न्हाई, भाऊसाहेब," मामा म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रस्त्यापासून जावयापर्यंत कुठल्याही विषयाला ते लागू पडायचं. "अन् ऑटोचं तर मला सांगूच नका. नगरच्या स्टँडवर ऑटोवाला मनाला येईल ते मागतो. ह्यो मोबाईलातला ऑटो काय येगळा असनार?"

मी हट्टाला पेटले. वाचलेलं ज्ञान माणसाला गप्प बसू देत नाही. शेवटी ठरलं, की माझ्या मोबाईलवर परीक्षा घ्यायची. एक दिवस आम्ही दोघं सज्जाच्या कार्यालयात बसून होतो, उताऱ्यांचं काम होतं. ती खोली अशी, की दुपारीही दिवा लावावा लागतो. माझा ऑटो चालू. संध्याकाळी निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती. मी जिंकल्यासारखं मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "उंद्या रानात."

दुसऱ्या दिवशी रानात गेलो. ऊन पडलं तसा माझ्या मोबाईलने आपोआप उजेड वर नेला, पार टोकाला. सगळं लख्ख दिसत होतं. दीड वाजता त्याने मान टाकली. मामांचा टॉवेलाखाली अजून ताजातवाना होता.

"म्हंजी कसं हाय," मामा बांधावर बसून तंबाखू मळत म्हणाले, "ऑटो वाईट न्हाई. पन त्ये सावलीतल्या मानसांसाठी हाय."

मी नेटवर या विषयावर बरंच वाचलं होतं. इतकं नेमकं कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते. त्या पाहणीची मुदत संपत आली होती आणि आम्ही मागे पडलो होतो. माझ्या मोबाईलवर ॲप उघडत नव्हतं, म्हणून मामांचा मोबाईल मी घेतला. मामा पुढे जाऊन शेतकऱ्यांना बोलावत होते, मी मागून फोटो काढत होते. टॉवेल काही मी डोक्यावर घेणार नव्हते. काहीच दिसेना, तेव्हा मी चिडून ऑटो चालू केला आणि मामांना सांगितलं नाही. वाटलं, जाताना बंद करू. काम झाल्यावर मोबाईल तसाच त्यांच्या हातात दिला आणि विसरले.

चार वाजता मामांनी खिशातून मोबाईल काढला. बंद पडला होता. बटण दाबून पाहिलं, परत दाबलं. मी या माणसाला तोवर कधी पळताना पाहिलं नव्हतं. ते पिठाच्या गिरणीकडे पळाले, तिथे लाईट नव्हती. तिथून दूध डेअरीत गेले, तिथेही नव्हती. शेवटी कार्यालयात आले, तेव्हा नुकतीच लाईट आली होती. चार्जरची वायर लावून ते मोबाईलसमोर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. एवढं काय झालं, असं मला वाटत होतं. थोडा रागही आला होता, खरं सांगायचं तर.

मोबाईल सुरू झाला आणि मेसेज आला. आपला फोन बंद असताना या नंबरवरून तीन वेळा कॉल आला होता. नंबर ओळखीचा नव्हता. मामांनी तो लावला, वाजायला लागला तसा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी बोला."

पलीकडे एक बाई होती. नगरच्या एका दवाखान्यातून बोलत होती. "माझा न्हवता वो फोन. शेजारच्या खाटंवरची बाळंतीन हुती, तिनं लावला हुता माझ्या मोबाईलवरनं. वडलांला लावते म्हनली. तीन डाव लावला बिचारीनं, बंदच लागला. मुलगी झाली तिला. दुपारी सोडलं, गेली घरी."

"नाव? पत्ता?"

"न्हाई वो इचारला. लई रडत हुती, मग काय इचारनार?"

मी फोन ठेवला. मामांना सगळं ऐकू गेलं होतं. ते खुर्चीत बसले. कार्यालयात खुर्चीवर बसलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, एरवी ते दाराशी स्टुलावर बसायचे.

मग त्यांनी सांगितलं. एकुलती मुलगी, आई लहानपणीच गेलेली. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं. ती पाया पडायला आली, तेव्हा मामा दारात आडवे उभे राहिले. "मीच म्हनलं, पुन्ना पाय ठिवू नको. फोनबी करू नको. तिचा नंबर तितंच पुसून टाकला. चार वर्सं झाली." आणि पुढे म्हणाले, "पन माझा नंबर तिला पाठ हाय. लहानपनी मीच पाठ करून घेतला हुता, बाजारात हरवली तर असावा म्हनून."

म्हणजे चार वर्षं हा माणूस एका फोनची वाट पाहत होता. स्वतः शोधायला जायची हिंमत नव्हती, पण तिने लावलाच तर तो लागला पाहिजे, एवढीच तजवीज त्याच्या हातात होती. सगळी बॅटरी त्यासाठी राखून ठेवलेली. आणि तो फोन आला त्या दिवशी मी त्यांचा मोबाईल संपवला होता.

मी सांगितलं, "मामा, ऑटो मी चालू केला होता." मला रडू येत होतं आणि रडायचा अधिकार आपला नाही, हेही कळत होतं.

मामांनी वर पाहिलं नाही. "तुमचं एका दिसाचं हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "माझं चार वर्साचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा घेतली, तीही माझ्या आठवणीत पहिलीच. दवाखान्यात जाऊन आले. तिथे कुणाचाही पत्ता असा सांगत नाहीत, ते बरोबरच आहे. येताना त्यांनी लहान मुलीचं एक टोपडं आणलं होतं. मोबाईल ते ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे, तिच्यातच मोबाईलच्या मागे ते ठेवलं. पुन्हा रोजचं काम सुरू झालं. टॉवेल, तळाला गेलेला उजेड, हाय, येतो, ठेवा. गावातले लोक भाव विचारायचे आणि मामा बोलणी चालू असल्याचं सांगायचे. मला मात्र त्या विनोदावर हसता येईना. त्यांचा मोबाईल मी पुन्हा हातात घेतला नाही. दुपारी कार्यालयात आलो की त्यांच्या आधी मीच चार्जरची वायर काढून पुढे ठेवायचे, एवढंच.

जानेवारी उजाडला. हरभरा घाट्यांवर आला होता आणि आम्ही पुन्हा पाहणीला रानात होतो. भर बारा वाजता मामांचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला, टॉवेल पुढे ओढला आणि आत गेले. मी सवयीने तीन शब्दांची वाट पाहत होते.

एक मिनिट झालं. पाच झाली. टॉवेलाखालून काही ऐकू येत नव्हतं. फक्त त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मी आणि त्या शेताचा मालक दोघेही हरभऱ्याकडे बघत उभे राहिलो. बांधावरून मोटरसायकलवर एक जण चालला होता, त्याला काय ठाऊक. तो ओरडला, "मामा, भाव ठरला का?"

शेतमालकाने त्याला हातानेच पुढे जायची खूण केली.

बऱ्याच वेळाने मोबाईलवर मेसेज आल्याचा आवाज झाला आणि मामा टॉवेल बाजूला करून बाहेर आले. डोळे लाल झाले होते. मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, ते उजेडाचं कुठशी असतं? मला दिसंना. पार वर न्या."

ताई म्हणाले. मला ते ऐकू आलं, पण तेव्हा त्याचा विचार करायला वेळ नव्हता. मी पट्टी डावीकडून उजवीकडे नेली, शेवटच्या टोकापर्यंत. त्या मोबाईलला एवढा उजेड आहे, हे त्यालाही माहीत नसावं. भर उन्हात एक चार महिन्यांचं बाळ स्वच्छ दिसू लागलं. कपाळावर मोठी तीट होती आणि तोंड रडवेलं.

मामांनी तो फोटो शेतमालकाला दाखवला. मोटरसायकलवाल्याला हाका मारून परत बोलावला आणि दाखवला. पुढच्या शेतात खुरपणाऱ्या बायकांना दाखवला. प्रत्येकाला सांगत होते, "नाक माझ्यावर गेलंय." अडीच वाजता मोबाईल बंद पडला.

"मामा, बंद पडला," मी घाबरून म्हणाले.

"पडू द्या."

"उरलेले गट?"

"उंद्या," मामा म्हणाले आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

मामा आता निवृत्त झालेत. मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं. ती लांब कुठे नव्हतीच, नगरला एमआयडीसीजवळ राहत होती, गावापासून तासाभराच्या अंतरावर. त्यांच्या जागी आलेला माणूस हुशार आहे. त्याचा ऑटो चालू असतो आणि गळ्यात पॉवर बँक असते. पण जुना बांध कुठून कुठे जात होता, हे त्याला विचारून उपयोग नाही. असं काही अडलं की मी शेतात उभी राहून मामांना फोन लावते.

तो बहुतेक वेळा बंद लागतो. संध्याकाळी त्यांचाच फोन येतो आणि आता ते हॅलो म्हणतात. "नात सोडीत न्हाई वो मोबाईल. पार उजेड करून चित्रं बघती. दुपारपर्यंतसुदीक बॅटरी टिकत न्हाई." ही तक्रार ते मला प्रत्येक वेळी सांगतात, न विचारता आणि सविस्तर.

आजही लावला होता. आपण ज्यांना फोन करत आहात त्यांचा फोन बंद आहे, असं ती बाई म्हणाली. मी दुसऱ्यांदा लावला नाही. ओढणी डोक्यावरून पुढे ओढली, मोबाईल आत घेतला आणि पुढच्या गटाचा फोटो काढला.